पाटाच्या वाटेवरची शर्यत

रात्रीची पाण्याची पाळी ठाऊक नाही असा शेतकरी आपल्याकडे विरळाच. निजानीज झाली की खांद्यावर फावडे टाकायचे, हातात बॅटरी घ्यायची आणि पाटाच्या कडेकडेने मळ्याकडे निघायचे. एका बाजूला वाहते पाणी, दुसऱ्या बाजूला उतार. पायाखाली किरडू-काटा पाहायचा आणि आपल्या आधीच्या माणसाने दारे मोडले की नाही याकडे कान ठेवायचा. बाप या वाटेने गेला, आजा गेला. ही वाट कोणी हौसेने चालत नाही.

पण आपल्यापासून हजारो किलोमीटर पश्चिमेला, अटलांटिक महासागरातल्या एका डोंगराळ बेटावर, दरवर्षी वसंत ऋतूतल्या एका मध्यरात्री शेकडो माणसे कपाळाला दिवे बांधून जमतात. त्यांना दारे धरायची नसतात. बेटाच्या एका टोकाकडून डोंगर ओलांडत दुसऱ्या टोकाकडे त्यांना धावत जायचे असते. अंतर सुमारे ११५ किलोमीटर आणि एकूण चढ सात हजार मीटरच्या आसपास, म्हणजे कळसूबाईच्या उंचीच्या चौपटीहून जास्त! ज्या वाटांवरून ती धावतात त्यांपैकी कितीतरी वाटा शेतकऱ्यांच्या आहेत. कोणी शेताला पाणी नेण्यासाठी केल्या, कोणी पाठीवर ओझी वाहून पाडल्या. म्हणूनच शर्यतीची ही हकीकत आपल्या घरात सांगण्याजोगी वाटते.

नाव मदेरा, अर्थ लाकूड

बेटाचे नाव मदेरा. नाव ऐकून मदिरा आठवेल, आणि या बेटाची द्राक्षाची दारू जगात प्रसिद्धही आहे. परंतु पोर्तुगीज भाषेत मदेरा म्हणजे लाकूड. १४१९ साली पोर्तुगीज दर्यावर्दी येथे उतरले तेव्हा हे बेट समुद्रापासून शिखरापर्यंत घनदाट जंगलाने झाकलेले होते आणि वस्ती मुळीच नव्हती. ज्या पोर्तुगिजांनी पुढे १५१० मध्ये गोवा घेतला आणि १९६१ पर्यंत सोडला नाही, त्यांच्या दर्यावरच्या राज्याची ही सुरुवातीची एक पायरी. आज मदेरा हा पोर्तुगालचाच स्वायत्त प्रदेश आहे.

बेट तसे लहान. लांबी सुमारे ५७ किलोमीटर, रुंदी सुमारे २२, क्षेत्रफळ ७४१ चौरस किलोमीटर. बृहन्मुंबईपेक्षा थोडे मोठे म्हणा ना. वस्ती अडीच लाखांच्या आसपास. पण एवढ्याशा जागेत डोंगर किती! सर्वांत उंच शिखर पिको रुइवो १८६२ मीटर, आपल्या कळसूबाईपेक्षा दोनशे मीटरांहून अधिक उंच. बेट ज्वालामुखीतून वर आलेले, त्यामुळे दगडही सह्याद्रीसारखाच काळा, बसाल्टचा. सरळ तुटलेले कडे, खोल दऱ्या आणि त्यांच्या तळाशी पावसात बेफाम होणारे ओढे. घाटावरच्या माणसाला तेथे परके वाटू नये.

पावसाची तऱ्हाही ओळखीची. ईशान्येकडून येणारे वारे उत्तरेच्या डोंगरांवर आदळतात आणि पाणी तेथेच सोडतात. उत्तर बाजू सदा ओली, ढगात बुडालेली. दक्षिण बाजूला स्वच्छ ऊन, जमीन बरी, हवा उबदार. पण पाणी कमी. महाबळेश्वरला धो धो पाऊस आणि डोंगरापलीकडे माण-खटावच्या शिवारात ठणठणाट, हा न्याय आपल्याला नवा नाही. मदेराच्या लोकांपुढे हेच कोडे होते. पाणी एका अंगाला, पीक दुसऱ्या अंगाला.

उसाने मागितलेले पाणी

या कोड्याला तोंड फुटले ते उसामुळे. ऊस सिसिली बेटावरून मदेरावर आणला असे सांगतात; पण उसाच्या रसापासून साखर करण्याची विद्या मूळची आपल्या भारताची. आपली 'शर्करा' इराण आणि अरबस्तानामार्गे युरोपात गेली. अरबीत ती 'सुक्कर' झाली आणि पोर्तुगिजात 'असूकार'. अशी ही आपल्या घरची लेक फिरत फिरत अटलांटिकच्या बेटावर नांदायला आली म्हणायची. १४५२ मध्ये तेथे पाण्यावर चालणारा उसाचा चरक उभारण्याचा करार झाला, आणि त्या शतकाच्या अखेरीस मदेराची साखर युरोपच्या बाजारांत मोठ्या प्रमाणावर जाऊ लागली. पुढे अमेरिकेकडे जाणारा कोलंबसही १४७८ मध्ये साखरेच्याच व्यापारासाठी येथे आला होता.

ऊस म्हटला की पाणी आलेच. ते आणण्यासाठी कडे फोडून पाट काढले गेले. या पाटांना तेथे 'लेवाडा' म्हणतात. वाहून नेणे या अर्थाच्या शब्दावरून हे नाव पडले. पाट साधारण हातभर-दोन हात रुंद, उतार इतका मंद की पाणी चालते आहे की थांबले आहे असे वाटावे. डोंगराच्या पोटाला धरून, प्रत्येक घळीत आत शिरत आणि प्रत्येक सोंडेला वळसा घालत तो मैलोन्‌मैल जातो. जेथे वळसा शक्य नाही तेथे बोगदा. आज अशा पाटांची एकूण लांबी दोन हजार किलोमीटरांहून अधिक भरते असे सांगतात.

हे काम कसे झाले असेल याची कल्पना करा. सुरुंग नाहीत, यंत्रे नाहीत. छिन्नी, हातोडा आणि पहार. उभ्या कड्यावर उभे राहायलाही जागा नसे तेथे माणसे वरून दोराने, टोपल्यांतून खाली सोडली जात आणि लोंबकळत दगड फोडीत. कितीजण खाली गेले त्याची गणती कोणी ठेवली नाही. यांतले सगळे खुशीने आलेले नव्हते. शेजारच्या कॅनरी बेटांवरून आणि आफ्रिकेतून धरून आणलेले गुलाम साखरेच्या कामाला जुंपले होते. साखर युरोपच्या श्रीमंतांच्या ताटात गेली. ज्यांनी घाम गाळला त्यांची नावे कोठेच नाहीत, मागे राहिला तो पाट.

पाट आणि पाटकरी

पाट झाला की त्याला राखणारा माणूस लागतो. मदेरात त्याला 'लेवाडेरो' म्हणतात. पाटात पडलेली दरड, पालापाचोळा काढायचा, गळती बुजवायची आणि ठरल्या वेळी ठरल्या शेतकऱ्याच्या दाराशी पाणी सोडायचे हे त्याचे काम. पाणी तासांवर मोजून, पाळीपाळीने मिळते. पाळी रात्री आली तर रात्री उठावे लागते.

हे वाचताना धुळे-नाशिककडच्या वाचकांना आपली फड पद्धत आठवली असेल. पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर बंधारे घालून शेकडो वर्षे शेतकऱ्यांनी पाणी आपापसांत वाटून घेतले. तेथेही पाटकरी होता, हवालदार होता, जागल्या होता, आणि कोणत्या फडात कोणते पीक घ्यायचे ते सर्वांनी मिळून ठरवायचे असे. दोन्ही ठिकाणचे लोक एकमेकांना कधी भेटले नाहीत. पण थोडे पाणी पुष्कळांना पुरवायचे झाले की माणूस कोठलाही असो, त्याला पाळी आणि पाटकरी सुचतोच.

पाणी आले म्हणजे न्याय आला असे मात्र नाही. मदेरात पाण्याचा हक्क जमिनीपासून वेगळा होता. एकाची जमीन आणि दुसऱ्याचे पाणी, असेही असे. पाण्याचे तास विकले जात, वारसांत वाटले जात. जमिनीचीही तीच गत. 'कोलोनिया' नावाच्या वहिवाटीत जमीन मालकाची, आणि कुळाने त्यावर बांधलेली ताल, लावलेला वेल, उभारलेली झोपडी एवढेच कुळाचे. पिकातला वाटा, पुष्कळदा निम्मा, मालकाच्या घरी जाई. १९६२ साली दक्षिण किनाऱ्यावरच्या पोंता दो सोल भागात सरकारने लोकांच्या जुन्या पाटाच्या कारभारात हात घातला, तेव्हा शेतकरी बायाबापड्यांसह पाटावर येऊन उभे राहिले. पोलिसांशी झालेल्या त्या संघर्षात एका तरुण मुलीचा जीव गेला. पुढे १९७४ मध्ये पोर्तुगालमधली हुकूमशाही कोसळली, १९७६ मध्ये बेटाला स्वायत्तता मिळाली आणि १९७७ मध्ये कोलोनिया कायद्याने रद्द झाली. आपल्याकडच्या कूळकायद्याची कहाणी ज्यांच्या घरात घडली आहे त्यांना याचे मोल वेगळे सांगायला नको.

मध्यरात्री सुरुवात

आता शर्यतीकडे वळू. फुंशाल या राजधानीतल्या गिर्यारोहण मंडळाने ती २००८ साली सुरू केली. आज जगाच्या अनेक देशांतून हजारो माणसे तेथे येतात. सर्वांनाच ११५ किलोमीटर झेपत नाहीत, म्हणून त्याच दिवसांत कमी अंतराच्या शर्यतीही ठेवलेल्या असतात. वाट वर्षागणिक थोडीफार बदलते. नेहमीचा क्रम सांगतो.

वायव्य टोकाला पोर्तो मोनिझ हे समुद्रकाठचे गाव आहे. रात्री बारा वाजता तेथून सुटायचे आणि लगेच चढाला लागायचे. सपाट जागा अशी नाहीच. अंधारात डोंगरावर चढत जाणाऱ्या दिव्यांची ओळ खालून पाहिली तर आपल्याकडच्या एखाद्या गडावर यात्रेला निघालेल्या मशालींची आठवण व्हावी. प्रत्येकाजवळ दिवा, पाणी, शिटी, थंडीसाठी पातळ चकचकीत पांघरूण असावेच लागते. ठराविक अंतरावर पाणी आणि खाणे मिळते. ठरल्या वेळेत नाक्यावर पोचला नाही त्याला तेथेच थांबवतात. सबंध अंतरासाठी मुदत असते सुमारे ३२ तासांची.

पहिल्या चढानंतर फनालचे पठार लागते. येथे शेकडो वर्षांची जुनी झाडे आहेत, शेवाळाने लडबडलेली, धुक्यात वाकून उभी. त्यांच्या बुंध्याशी गुरे चरतात. हिमयुगापूर्वी दक्षिण युरोपात असलेल्या सदाहरित जंगलाचा हा उरलेला तुकडा. सुमारे पंधरा हजार हेक्टर असे रान बेटावर शिल्लक आहे आणि १९९९ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारसा ठरवले. शेतकऱ्याने ध्यानात ठेवावी अशी गोष्ट पुढेच आहे. ही झाडे धुके पितात. वाऱ्याबरोबर आलेले ढग पानांना अडतात, थेंब होऊन गळतात, जमिनीत मुरतात आणि खाली झऱ्यांतून निघतात. लेवाडांना पाणी येते ते अशा झऱ्यांतून. जंगल गेले तर पाट कोरडा पडेल हे तेथल्या लहान मुलालाही कळते.

उजाडण्याच्या सुमारास पुढचे धावपटू एन्कुमेआदाच्या खिंडीकडे आलेले असतात. सुमारे हजार मीटर उंचीवरची ही खिंड म्हणजे बेटाचा पाणलोट. आभाळ मोकळे असेल तर येथून उत्तरेचाही समुद्र दिसतो आणि दक्षिणेचाही.

गोठा आणि शिखर

पुढची उतरण कुर्राल दास फ्रेरास या गावाकडे. नावाचा अर्थ संन्यासिनींचा गोठा. १५६६ साली फ्रेंच चाच्यांनी फुंशाल लुटले तेव्हा तेथल्या मठातल्या संन्यासिनी पळून या दरीत येऊन लपल्या. चारी बाजूंनी उभे डोंगर आणि मध्ये वाटीसारखी दरी. शत्रूला वाट सापडू नये अशीच जागा. आपल्याकडे जावळीचे खोरे ज्यांनी पाहिले आहे त्यांना ही दरी चटकन समजेल.

या दरीतून पिको रुइवो आणि पिको दो अरिएरो या शिखरांकडचा चढ म्हणजे शर्यतीची खरी कसोटी. आधी रात्रभर पाय चाललेले असतात, ऊन वाढलेले असते, आणि समोर दगडात घडवलेल्या पायऱ्याच पायऱ्या. दोन शिखरांमधली वाट कड्याच्या कंगोऱ्यावरून आणि खडकात खोदलेल्या बोगद्यांतून जाते. ढग खाली राहतात. नामांकित धावपटूही येथे हात गुडघ्यांवर टेकून चालतात. ऑगस्ट २०२४ मध्ये बेटावर मोठा वणवा लागला, त्याची झळ या भागालाही पोचली आणि शिखरांची वाट पुढे बरेच महिने बंद ठेवावी लागली.

तेथून रिबेरो फ्रियो, पोर्तेला असे करत वाट पूर्वेला उतरते. लारानोचा कडा लागतो, एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला शेकडो मीटर खाली समुद्र. शेवटी पुन्हा पाटाची सोबत मिळते आणि धावपटू माशिको गावात उतरतात. १४१९ मध्ये पोर्तुगीज उतरले ते याच माशिकोच्या किनाऱ्यावर. जेथे बेटाचा इतिहास सुरू झाला तेथे शर्यत संपते.

२०१७ साली ही शर्यत जिंकली ती फ्रान्सच्या फ्रांस्वा देन याने. वेळ लागला चौदा तासांच्या आसपास. त्या काळी हा गडी बोजोले भागात पत्नीसह द्राक्षबाग सांभाळून वाईन करीत असे. बागेतली कामे करणारे पाय डोंगरावरही पुढे गेले, याचे आपल्याला नवल वाटू नये. मागून येणाऱ्यांची कथाही कमी नाही. कित्येकजण दुसरी रात्र डोंगरात काढून, मुदत संपता संपता पोचतात आणि त्यांच्यासाठीही गाव जागे असते.

ओझ्याच्या वाटा

धावणारा हलका धावतो. पाठीवर लहानशी पिशवी, तीत पाणी आणि चार घास. पण याच डोंगरांतून पूर्वी माणसे पाठीवर भरलेले बुधले घेऊन चालत. उत्तरेकडच्या बागांतला द्राक्षाचा रस शेळीच्या कातड्याच्या पिशव्यांत भरून, डोंगर ओलांडून, दक्षिणेच्या बंदराकडे न्यायचा. रस्ते नव्हते, उतारांवर गाडी चालत नव्हती. हे ओझेकरी ओळीने निघत, गाणी म्हणत, खिंडी ओलांडत. ही दारू पिपांतून गलबतांवर चढे आणि हिंदुस्थानापर्यंतच्या सफरीवर जाई. उष्ण समुद्रातून जाऊन परत आलेली पिपे अधिक चवदार लागतात असे व्यापाऱ्यांच्या ध्यानात आले आणि मग बेटावरच दारूला ऊब देऊन ती मुरवण्याची रीत पडली. १८५० नंतर भुरीने आणि १८७२ च्या सुमारास मुळांना लागणाऱ्या किडीने बागांची धूळधाण केली. भुरी काय करते हे आमच्या सांगली-नाशिकच्या बागायतदारांना विचारा!

धावपटू गावांजवळ येतात तेव्हा त्यांना उतारांवर पायऱ्यापायऱ्यांची शेते दिसतात. काळ्या दगडाच्या ताली रचून, खालून टोपल्यांनी माती वर वाहून ही जमीन माणसांनी अक्षरशः बनवली. काही तुकडे घराच्या अंगणाएवढे. दक्षिणेला केळी, मांडवावर द्राक्षे आणि मांडवाखाली भाजीपाला. पाटाच्या ओलीला अळू. उतार इतका तीव्र की जुन्या काळी गाय मोकळी सोडत नसत, पडून मरेल म्हणून. तिला लहानशा खोपटात बांधून चारा डोक्यावरून आणून घालीत. ऊसही थोडा उरला आहे. त्याची काकवी करतात आणि नाताळात तिचा मसालेदार केक घरोघर होतो.

पण या तालींवर आज गवत माजते आहे. तुकडे लहान, यंत्र चालत नाही, मजुरी परवडत नाही. तरुण पिढ्यान्‌पिढ्या व्हेनेझुएला, दक्षिण आफ्रिका आणि युरोपकडे गेले. गेलेल्या माणसांच्या ताली ढासळल्या की पाण्याला अडवणारे कोणी राहत नाही. २० फेब्रुवारी २०१० रोजी बेटावर ढगफुटीसारखा पाऊस झाला, ओढे दगडमाती घेऊन गावांत शिरले आणि चाळीसहून अधिक माणसे गेली. ओढ्यांच्या पात्रात झालेली बांधकामे हेही त्याचे कारण सांगतात.

वाट कोणी राखायची?

पाहुणे डोंगर पाहायला आणि पाटाच्या काठाने चालायला येतात, त्यातून बेटाला चार पैसे मिळतात. शर्यतीच्या दिवसांत लहान गावांतल्या खानावळी भरतात. हे चांगलेच आहे. पण कठडा दुरुस्त करून लेवाडा टिकत नाही. त्यात पाणी वाहायला हवे, आणि पाणी वाहते ते खाली कोणीतरी पीक घेत असेल तर. ज्या पाटाला पाणी मागणारा शेतकरी उरला नाही, त्याची दरड काढायला पाटकरी किती दिवस जाईल? धावायला येणारा वर्षातून एकदा येतो. पाट राखायला रोज जावे लागते.

आपल्याकडेही आता डोंगरातल्या शर्यती भरू लागल्या आहेत. गडांच्या वाटांवर पुण्या-मुंबईची मंडळी पहाटे धावताना दिसतात. त्यांना हसू नये. आणि आपल्या मुलामुलींनीही मागे राहू नये. माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकच्या अडथळा शर्यतीत अंतिम फेरीपर्यंत गेली. डोंगर आणि दुष्काळ पाहिलेल्या पायांत किती बळ असते ते तिने दाखवले आहे.

मात्र गावात अशी शर्यत भरवण्याचे कोणी मनावर घेतले तर त्याआधी एक काम करावे. शाळेतल्या पोरांना घेऊन जुना पाट, जुनी पाऊलवाट, पडलेली ताल पाहून यावी. कोणी बांधली, पाळी कशी लागत असे, पाटकरी कोण होता, हे गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारावे आणि वहीत उतरवून ठेवावे. मग चार दिवस श्रमदान करून ती वाट मोकळी करावी, जमल्यास पडलेली ताल पुन्हा रचावी. शर्यत एका दिवसात होऊन जाईल. पावसाळ्यात त्या तालीमागे माती अडेल आणि पाणी मुरेल, तेच गावाचे खरे बक्षीस.